आमच्या कट्यारीची मूठ

मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, आमच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग म्हणाला, "काकू, ती आपली हस्तिदंती कट्यार तुमच्याकडेच आहे ना? डिसेंबरात आलो की घेऊन जाईन म्हणतो. इथे दिवाणखान्यात काचेत लावतो. आणि जमलं तर एखाद्या जाणकाराकडून किंमतही काढून घेऊ."

"बघते," म्हटलं मी. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण घरातल्या या एकुलत्या एका ऐतिहासिक वस्तूकडे मी कधी धड पाहिलंच नव्हतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. वर्षातून एकदा खंडेनवमीला ती कपाटातून निघायची, पाटावर बसायची, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत कपाटात जायची. लग्न होऊन मी या घरात आले त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. दर खंडेनवमीला ती स्वच्छ करण्याचं काम माझं. सासूबाईंनी शिकवलं तसंच करत आले. चिंचेच्या कोळाने पातं घासायचं, नळाखाली धुवायचं, पुसायचं, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, मग हळदकुंकू, फूल, नमस्कार. पातं असं लखलखायचं की बघत राहावं. मुठीकडे मात्र कुणाचं लक्ष नसायचं. कट्यार म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे पात्यावर!

तर त्या दिवशी जेवणं झाल्यावर ती काढली आणि खिडकीशी उजेडात घेऊन बसले. मुलुंडला आमच्या मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. डोंगरापलीकडे बोरिवली, आणि मधलं सगळं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ह्यांनी विचारलं, "आता हिच्याशी काय लढाई?" म्हटलं, "ओळख करून घेते."

पहिला धक्का असा, की ही कट्यारच नव्हे. कट्यारीला आपण चाकूला धरतो तशी मूठ नसते. दोन उभ्या लोखंडी दांड्या, त्यांना जोडणाऱ्या एक किंवा दोन आडव्या दांड्या, आणि त्या आडव्या दांडीवर मूठ आवळायची. पातं मग मुठीच्या पुढे सरळ निघतं, ठोसा मारावा तसा वार. बिचवा तर बहुधा एकाच धातूचा, धरायला कडी आणि पुढे विंचवाच्या नांगीसारखं वळणदार पातं. ही दोन्ही हत्यारं बहुतेक सबंध लोखंडाची किंवा पोलादाची. त्यांची मूठ कशाची हा प्रश्नच सहसा येत नाही. आमच्याकडचं हत्यार म्हणजे पेशकब्ज. पाठ सरळ आणि जाड, पातं बुंध्याशी रुंद, टोकाकडे एकदम निमुळतं होत सुईसारखं. साखळ्यांच्या चिलखतात घुसवण्यासाठी ही घडण. नाव फारसी, आणि हत्यार इराण, अफगाणिस्तान, मोगल हिंदुस्थान या पट्ट्यातलं. मुठीत पात्याचंच एक चपटं शेपूट गेलेलं असतं, त्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या बसवतात आणि आरपार खिळे ठोकतात. ह्या पट्ट्या हस्तिदंताच्या, हाडाच्या, शिंगाच्या, कधी दगडाच्या. (पातं मोजलं, साडेआठ इंच भरलं. शस्त्रपरवान्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचा उल्लेख आहे, तेव्हा त्या बाजूने जीव भांड्यात पडला.)

मग हे साताऱ्याकडच्या शेतकरी घरात आलं कसं? घरातली कथा अशी, की छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी आमच्या कुणा पूर्वजाला ते बक्षीस दिलं. कागद नाही, सनद नाही, फक्त सांगोवांगी. एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या तोंडी, म्हणून तर तिला दंतकथा म्हणायचं. अशक्य मात्र काही नाही. अठराव्या शतकात दख्खनच्या फौजांत अरब, रोहिले, पठाण सगळे होते. १८१८ साली पेशवाई संपल्यावरही मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी झुंजले ते अरब शिपाईच. अशा माणसांच्या कमरेची हत्यारं लुटीत, लिलावात, कर्जफेडीत कुठून कुठे गेली असतील! माझा कल या बाजूला आहे. ह्यांचा अजूनही महाराजांच्या बाजूला आहे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम पाहायला गेलो होतो. तीही प्रतापसिंहांच्या काळात साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे गेलेली. पण अफझलखानाच्या वेळची ती हीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हे त्या म्युझियमने स्वतःच म्हटलेलं आहे. एवढी मोठी संस्था जर सांभाळून बोलते, तर आपण कोण?

असो. मूठ.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी निवृत्त होताना मला त्यांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं होतं, पंचांग वाचायला. ते घेतलं. त्याआधी पुतण्याने एक उपाय सुचवला होताच. सुई लाल होईपर्यंत तापवून मुठीला लावायची, जळाली तर खोटी, नाही जळाली तर खरी. हा उपाय जुन्या बाजारात सर्रास सांगतात. कृपा करून कुणी करू नका. खऱ्या हस्तिदंतावरही त्याचा काळा डाग कायमचा राहतो. आणि मूठ कचकड्याची असेल तर भडका उडतो, कारण ते जातभाई आहे बंदुकीच्या धूरविरहित दारूचं.

कचकड्याची ही गंमत सांगायलाच हवी. जुन्या मराठीत कासवाच्या पाठीच्या कवचाला कचकडे म्हणत. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉइड निघालं, त्याच्या फण्या, चष्म्याच्या दांड्या, बाहुल्या बाजारात आल्या, आणि आपण तेच नाव त्याला चिकटवलं. आमच्या लहानपणीची कचकड्याची बाहुली ती हीच. हे सेल्युलॉइड हस्तिदंताची हुबेहूब नक्कल करायचं, अगदी रेघांसकट. फरक इतकाच, की नकली रेघा वहीवर पट्टीने मारल्यासारख्या समांतर आणि सारख्या अंतराच्या असतात. निसर्ग पट्टी वापरत नाही. शिवाय जुनं झालं की सेल्युलॉइड कुजतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचं पोलाद खाऊन टाकते. कुणाच्या घरी अशी मूठ असेल तर ती इतर वस्तूंपासून वेगळी, हवेशीर ठेवावी.

हस्तिदंत ओळखण्याची खरी खूण असते ती त्याच्या आडव्या छेदावर. हत्तीच्या सुळ्याचा आडवा काप घेतला, तर त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या वळणदार रेघांची जाळी दिसते. आपल्या तळहातावर मेंदीची जाळी काढतात ना, थोडीफार तशी. या रेघांना श्रेगर नावाच्या जर्मन अभ्यासकाचं नाव आहे. सुळ्याच्या कडेजवळ या रेघा ज्या कोनात मिळतात तो आजच्या हत्तीत बहुधा ११५ अंशांहून मोठा असतो, आणि सायबेरियाच्या बर्फात सापडणाऱ्या मॅमथमध्ये ९० हून लहान. जगभरचे जकात अधिकारी हा कोन मोजून खटले भरतात. ही जाळी दुसऱ्या कशातही नसते. मुठीच्या रुंद बाजूवर मात्र ती शोधून उपयोग नाही, कारण पट्टी सुळ्याच्या लांबीने कापलेली असते. तिथे फार तर लांबट, धूसर रेघा दिसतात. जाळी बघायची तर मुठीच्या वरच्या टोकाला, जिथे पट्टीचा आडवा काप उघडा पडतो.

हाडाचं वेगळं. हाड जिवंतपणी रक्त वाहून नेतं. त्यात केसाएवढ्या नळ्या असतात. हाड वाळलं, घासलं, की त्या नळ्या आडव्या छेदावर बारीक ठिपक्यांसारख्या आणि लांबीच्या बाजूवर आखूड काळसर तुटक रेघांसारख्या दिसतात. गाईबैलांची, उंटाची हाडं मुठींसाठी पुष्कळ वापरली गेली, आणि "हस्तिदंती" म्हणून विकलीही गेली. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली हाड आणि हस्तिदंत दोन्ही सारखेच निळसर पांढरे चमकतात. तेव्हा तो दिवा प्लॅस्टिक बाजूला काढायला बरा, या दोघांत निवडायला नाही.

मी आधी उजवी बाजू पाहिली. भिंगाखाली पट्टीभर बारीक तुटक रेघा, आणि त्या काळ्या नाहीत, लाल! क्षणभर काही कळेना. मग उलगडलं. पन्नास वर्षांचं कुंकू. माझ्या हातचं, आणि त्याआधी सासूबाईंच्या हातचं. ते हाडाच्या नळ्यांत जाऊन बसलं होतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्राची मुलं देठाचा काप रंगात बुडवून नळ्या पाहायची तशी आम्ही दोघी सासूसुना नकळत या हाडाला रंग देत होतो. तर ही बाजू हाडाची. हस्तिदंत वगैरे काही नाही.

खरं सांगायचं तर थोडा हिरमोड झाला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दुसरी बाजूही बघ की." दोन्ही बाजू सारख्याच असणार, त्यात काय बघायचं, असं म्हणत मी मूठ उलटी केली. डाव्या बाजूला लाल रेघा नाहीत. फक्त एक लांब तडा, त्यात कुंकू आणि तेलाचा मळ. बाकी पृष्ठभाग चहाच्या डागासारखा पिवळसर, पण भिंगाखाली गुळगुळीत. वरच्या टोकाशी आडवा काप नखाएवढाच उघडा आहे. खिडकीशी मूठ तिरपी करत करत पाहिलं, आणि एका तिरकस उजेडात ती जाळी दिसली. फिकी, पण स्पष्ट. कोन मोजण्याइतकी जागा नव्हती, पण जाळी होती.

म्हणजे एक बाजू हस्तिदंत, दुसरी हाड. खिळे पाहिले तर तेही तेच सांगतात. दोन खिळे जुने लोखंडी, तिसरा पितळी. कुठल्या तरी पिढीत उजवी पट्टी फुटली किंवा निघाली, आणि कुणा शिकलगाराने हाताशी होतं ते हाड घासून बसवलं. घराला हस्तिदंत परवडत नव्हता की मिळत नव्हता, कोण जाणे. मला मात्र त्या हाडाच्या पट्टीबद्दल आता जास्त माया वाटते. ती निदान नक्की आमची आहे.

हस्तिदंताचा आपल्याकडचा इतिहास केवढा लांबचा! इटलीतल्या पाँपेई शहरावर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीची राख पडली. १९३८ साली तिथल्या एका घराच्या अवशेषांत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यासारख्या मूर्ती सापडल्या त्या आपल्या मराठवाड्यात, जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि तेरला. तेरची हस्तिदंती बाहुली तिथल्या संग्रहालयात आहे. सातवाहनांच्या काळी दख्खनचा कारागीर सुळा कोरत होता आणि ते काम समुद्र ओलांडून जात होतं.

पुढे उलटं झालं. एकोणिसाव्या शतकात मुंबई ही आफ्रिकी हस्तिदंताची मोठी पेठ बनली. झांझिबारहून गलबतं भरून सुळे इथे यायचे. व्यापार बराचसा कच्छी भाटिया आणि खोजा पेढ्यांच्या हातात होता. त्यातला काही माल इथूनच लंडनला जायचा, काही कच्छ, सौराष्ट्र, राजस्थानात नवरीच्या चुड्यासाठी. पूर्व आफ्रिकेचा दात कोरायला मऊ आणि मोठा म्हणून कारागिरांना प्यारा. गेंड्याची शिंगंही याच वाटेने यायची. भायखळा-मांडवीत लहानपण गेलेली कितीतरी माणसं मला माहीत आहेत, पण आपल्या बंदरातून हत्तींचे कळपच्या कळप असे तुकड्यातुकड्याने गेले, हे शाळेत आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि मीही मुलांना शिकवलं नाही. पाठ्यपुस्तकात कापूस होता, अफू होती.

हौसेची परमावधी पाहायची तर जहांगीर बादशहाकडे जावं. त्याला हस्तिदंतही पुरत नव्हता. त्याला हवा होता "माशाचा दात". हा मासा म्हणजे खरा वॉलरस, उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातला मिशाळ, सुळेवाला प्राणी. त्याचे सुळे रशिया, इराण, मध्य आशिया असे हातोहात हिंदुस्थानात यायचे. जहांगीराने आपल्या आठवणींत या दाताबद्दल मोठ्या प्रेमाने लिहिलं आहे. तो शोधायला माणसं पाठवली, आणि पूरण व कल्याण या दोन कारागिरांकडून त्याच्या मुठी करवून घेतल्या. बादशहाच्या वहीत आलेली ही कारागिरांची दोन नावं मला फार मोलाची वाटतात. आमच्या शिकलगाराचं नाव कोण लिहिणार होतं? वॉलरसचा दात ओळखायचा तो त्याच्या गाभ्यावरून. बाहेरचा थर गुळगुळीत, आणि आतला गाभा साबुदाण्याच्या खिचडीसारखा कणीदार, पारदर्शक. एकदा पाहिला की विसरत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, तिथे मी यानंतर भिंगाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दोन तास घालवले. शाळेच्या सहलीबरोबर तिथे डझनभर वेळा तरी गेले असेन, पण तेव्हा माझं लक्ष मुलं मोजण्यात!

जेडच्या मुठी हा आणखी एक वेगळा प्रकार. ते हिरवट पांढरं दगड खोतानकडून, हिमालय ओलांडून यायचं. घोड्याचं डोकं, नीलगाईचं डोकं असलेल्या मोगल मुठी त्याच्या. दगड असल्यामुळे गालाला लावला तर गार लागतो, प्लॅस्टिक लागत नाही. आणि शिंग! रेड्याचं शिंग म्हणजे आपल्या नखाचाच भाऊ. हाडासारखं नव्हे, थराथरांचं. जुनं झालं की थर सुटतात, पापुद्रे निघतात. कसर आणि भुंगेरे त्याला आवडीने खातात, लोकरीच्या शालीला खातात तसेच. सांबरशिंग बाहेरून खडबडीत, आत सच्छिद्र. आमच्या खिडकीसमोरच्या डोंगरात सांबरं आहेत आणि त्यांची शिंगं दरवर्षी गळतात, पण पडलेलं शिंगसुद्धा उचलून आणता येत नाही. तेच बरं.

आता माझ्या अपराधाकडे येते. डाव्या पट्टीवरचा तो तडा कशाने पडला? वय झालं म्हणून, असं मी धरून चालले होते. संग्रहालयांतले जतन करणारे लोक काय सांगतात ते वाचत गेले, आणि एकेक ओळीला चेहरा उतरत गेला.

हस्तिदंत आणि हाड दोन्ही मुळात चुन्याचे क्षार आणि सेंद्रिय तंतू यांचे बनलेले. चिंच खाल्ल्यावर आपले दात आंबतात ना? दातच तो! मी दरवर्षी पातं घासताना चिंचेचा कोळ मुठीवर ओघळू देत होते. दुसरं पाणी. हस्तिदंत पाणी पितो, फुगतो, वाळताना आक्रसतो, आणि लांबीला जितका हलतो त्याहून आडवा जास्त हलतो. म्हणून तडे लांबीच्या रेषेतच जातात. तिसरं आणि सगळ्यात वाईट ते मुठीच्या आत घडतं. पट्टी आणि पात्याचं शेपूट यांच्या फटीत पाणी शिरतं. बाहेरचं पातं आपण पुसतो, आतलं कोण पुसणार? तिथे गंज चढतो. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो. तो आतून पट्टीला ढकलत राहतो, आणि एक दिवस पट्टी फुटते. आपल्या मुंबईत जुन्या इमारतींच्या खांबांत सळ्या गंजून सिमेंट फुटतं, तेच हे. मूठ वरून पडून फुटली नाही, दर खंडेनवमीला थोडी थोडी आतून फुटत गेली. आणि उजवी पट्टी ज्या काळी गेली, ती कदाचित अशाच कुणा आधीच्या सुनेच्या हातून गेली.

खोबरेल तेलाने पात्याचं भलं होतं, मुठीचं नाही. तेल हस्तिदंतात मुरतं, खवट होतं, आणि तो पिवळा तपकिरी रंग मग निघत नाही. मी ज्याला जुनेपणाचं तेज समजत होते त्यातलं बरंचसं खोबरेल निघालं.

अडचण अशी, की पात्याला आणि मुठीला हवं असतं ते एकमेकांच्या उलट. पातं म्हणतं जितकं कोरडं तितकं बरं. मुठीला अगदी कोरडं चालत नाही, ती तडकते. आमच्या मुलुंडला जुलैत हवेत ओल नव्वदीला टेकते आणि थंडीत दुपारी एकदम उतरते. हा चढउतारच वाईट. म्हणून मधला मार्ग, साधारण पन्नास टक्के ओल, आणि ती बारा महिने शक्य तितकी स्थिर. मी आता जे करते ते सांगते. पाणी पूर्ण बंद. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडते. पात्यावर संग्रहालयात वापरतात त्या मेणाचा अगदी पातळ हात, मुठीपासून बोटभर अलीकडे थांबून. गुंडाळायला अनेकदा धुतलेलं पांढरं मलमल, रंगीत कापड नाही (रंग उतरतो), वर्तमानपत्र नाही, आणि रबरबँड तर मुळीच नाही, त्यातल्या गंधकाने डाग पडतात. कातड्याच्या म्यानात ठेवत नाही, म्यान शेजारी वेगळं. बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात, बंद डब्यात, ओल मोजायचं छोटं घड्याळ टाकून. ओल शोषणाऱ्या पुड्या सुरुवातीला मी मूठभर टाकल्या होत्या, काटा तीसवर गेलेला पाहून घाबरून बहुतेक काढल्या. उन्हात ठेवायची नाही. पण कायम मिट्ट काळोखातही हस्तिदंत जास्त पिवळा पडतो म्हणे, म्हणून महिन्यातून एकदा साध्या उजेडात काढून बघते. तेवढंच भेटणं होतं.

कुंकू मी काढलं नाही. स्पिरिटने निघेल असं एकीने सुचवलं, पण स्पिरिट आत काय करेल याची खात्री कुणी देईना. आणि खरं सांगू का, मला ते काढावंसं वाटलं नाही.

राहिला पुतण्या. त्याला फोन करून सगळं सांगितलं. एक बाजू हाड आहे हे ऐकून तो म्हणाला, "मग निम्मीच हस्तिदंती ना?" म्हटलं, कायद्याला निम्मी पुरते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा देशातला व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकीही. घरात वारशाने आलेली वस्तू विकता येत नाही. शिवाय ती शंभर वर्षांहून जुनी, म्हणजे पुरावस्तू कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही. आणि तू राहतोस ते न्यू जर्सी, अमेरिकेत हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी घालणारं पहिलं राज्य, २०१४ साली. हे शेवटचं त्याला माहीत नव्हतं. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे किंमत शून्य?" मी म्हटलं, बाजारात शून्य, बरोबर.

तो नाराज झाला नाही, हे त्याचं मोठेपण. पण माझ्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहिला. अशी वस्तू वारशाने आली तर ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदवायची असते, मालकीचा दाखला असावा लागतो. २००३ साली त्यासाठी खास मुदत दिली होती. आमच्या घरात तेव्हा कुणाच्या डोक्यातही हा विषय नव्हता, कारण ती "देवाची" होती. २०२२ च्या दुरुस्तीने अशा वस्तू स्वेच्छेने शासनाकडे जमा करण्याची सोयही झाली आहे, मोबदला न घेता. आमच्यात दोन तट पडले. ह्यांचं म्हणणं, वकिलाला विचारून जे असेल ते कागदावर आणू, घरातून जाऊ द्यायची नाही. माझं म्हणणं, कागदावर तर आणूच, पण आपल्यानंतर ती कुणाच्या चिंचेखाली जाईल? जमा करावी. धाकटे दीर म्हणतात, फोन करायलाच नको होता. वकीलबाईंकडे कागद दिले आहेत. अर्जात वस्तूचं वर्णन लिहायचं होतं. आधी सवयीने "हस्तिदंती मुठीची कट्यार" असं लिहिलं, मग खोडून लिहिलं, "पेशकब्ज, पातं पोलादी, लांबी साडेआठ इंच, मुठीची डावी पट्टी हस्तिदंत, तडा गेलेली, उजवी पट्टी हाड, नंतर बसवलेली, तीन खिळे, पैकी एक पितळी."

या वेळी खंडेनवमीला ती पाटावर मलमलीवरच ठेवली. हळदकुंकू शेजारच्या सुपारीला वाहिलं. धाकट्या जाऊबाईंना ते फारसं पटलं नाही.

नात्यातल्या मंडळींना एक विनंती. आत्याबाई गेल्या, सासूबाई गेल्या, पण गावाकडे कुणा जुन्या माणसाला ती उजवी पट्टी कधी बदलली, कुठल्या शिकलगाराने बदलली, पितळी खिळा कुठून आला, हे ऐकल्याचं आठवत असेल तर मला जरूर कळवा. महाराजांची गोष्ट मला पाठ आहे. खिळ्याची हवी आहे.